एका कागदावर दोन झाडं

सासूबाईंनी गुंडाळी सोडून कागद टेबलावर पसरला, तसा निशिगंधाच्या हातातला चहा हातातच राहिला. डावीकडे बांबू, उजवीकडे प्लमची फांदी, फांदीवर मोजकी फुलं. सगळं काळ्या शाईत. खाली दोन लाल शिक्के, एक आईंचा, एक त्यांना चित्रं शिकवणाऱ्या लिन सरांचा. सरांनी पास केलेलं दिसतंय, असं ती धरून चालली.

हॉलंडमधल्या बेस्ट गावातल्या त्या घरात पंधरा दिवस एकच घोर होता. आई राहणार की पुण्याला परत जाणार? सासूबाई, म्हणजे सरलाताई, वीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी इथं आल्या. दोन वर्षांमागे ते गेले, आणि आता पुण्याचा भाऊ रोज फोनवर बोलावत होता. इकडे निशिगंधाला अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये हवी तश्शी नोकरी चालून आली होती. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. पण रोज सातची ट्रेन पकडायची, तर चार वर्षांच्या मृण्मयीला शाळेतून आणायचं कुणी? आई राहिल्या तर होकार, नाहीतर नोकरीवर पाणी.

तोंडावर विचारायची सोय नव्हती. सुनेनं "राहणार का?" म्हटलं, की सासूच्या मनात "जाणार कधी?" असाच त्याचा अर्थ होतो. नवऱ्याला, रुचिरला, दोनदा पुढं केलं. आईनं त्याला "बघू" म्हणून वाटेला लावलं.

आईंचा आयंडहोवनमधला चिनी शाईचित्रांचा वर्ग मात्र एक शनिवार चुकत नव्हता. शिकवणारे लिन सर सत्तरीचे, एकटे, बोलायला गोड. सोबत म्हणून निशिगंधा पहिल्या दोन वर्गांना गेली होती. या चित्रांतली झाडं काहीतरी सांगत असतात, एवढं तिला कळलं, आणि बाई अर्ध्या हळकुंडानं पिवळ्या झाल्या. आईंनी शेवंती काढली, तेव्हा तिनं रुचिरला बजावलं की शेवंती म्हणजे जगापासून लांब, निवांत राहणं, तेव्हा आई चालल्या. पुढच्या शनिवारी खाली माती नसलेलं ऑर्किड आलं. मायभूमी सुटल्याचं दुःख! त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

आजचं चित्र मात्र तिनं एका दमात वाचलं. बांबू वाऱ्यात वाकतो, पण मोडत नाही. प्लम ऐन थंडीत फुलतो. म्हणजे हॉलंडच्या वाऱ्यात आणि थंडीत आई पाय रोवून उभ्या राहणार. यात शंकेला जागाच कुठं होती?

तिनं उभ्याउभ्याच फोनवरून नोकरीला होकार पाठवला. मग सरलाताईंच्या खोलीत गेली. त्या नव्या निळ्या साडीची घडी घालत होत्या.

"आई, मी चित्र वाचलं. तुम्ही इथंच राहताय."

"राहतेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "भावाला कालच कळवलं."

निशिगंधानं त्यांना मिठीच मारली. नोकरीचं, सातच्या ट्रेनचं, मृण्मयीच्या शाळेचं सगळं एका श्वासात सांगून टाकलं. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

सरलाताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सुनेच्या हुशारीचं त्यांना मनापासून कौतुक वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसतही होतं.

"वाचलंस छान, पण एकेक झाड सुटं वाचलंस," त्या म्हणाल्या. "प्लम मी काढलाय, बांबू लिन सरांनी. दोन्ही एकाच कागदावर आले, की त्यांना नवरा-बायको म्हणतात. लग्न पुढच्या मंगळवारी आहे, आणि या बांबूचं घर इथून तासाभरावर, ब्रेडाला आहे."