पहिल्या भागातलं प्रेत

प्रेताचं पोट हललं. देवव्रतने ते सगळ्यांच्या आधी पकडलं.

"श्वास घेतोय बघ म्हातारा," तो म्हणाला. "हर्षल, मागे घे, मागे घे."

हर्षलने मागे घेतलं. पांढऱ्या कापडाखाली पोट पुन्हा वर आलं, खाली गेलं. कतारमधल्या लुसैल शहरातल्या त्या थंडगार हॉलमध्ये चौघंही खो खो हसले.

गणपती उठले की मराठी वाहिन्यांवर नव्या मालिकांचं पीक येतं. हर्षल आणि मोनालीच्या या घरी शुक्रवारी जमायचं, त्यांचे पहिले भाग लावायचे आणि सोफ्यावर रेलून एकेकाची सालटी काढायची, असा या दोन जोडप्यांचा रिवाज. ज्याचं मत सगळ्यात जहरी, शेवटचा बटाटेवडा त्याचा. तो बहुतेक वेळा देवव्रतच्याच पोटात जायचा. आजही दोन मालिका त्याच्या गाडून झाल्या होत्या. पहिलीतली सून आयसीयूमध्येसुद्धा काजळ घालून पडते. दुसरीतला नायक मांडवाच्या खांबासारखा, सजवलाय भरपूर, पण हलत नाही.

ही तिसरी. ही लावायचा आग्रह देवव्रतच्या बाबांचा. दुपारी नाशिकहून त्यांचा फोन आला होता.

"नऊची नवी मालिका बघ. तुमच्याकडचे साडेसहा. चुकवू नकोस." आणि मग नेहमीचं, "दिवाळीला येतोयस ना?"

"बघतो बाबा. इन्शाल्ला."

हा शब्द बाबांना आता पाठ झाला होता. अरब माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ काय असेल तो असो, आपल्या पोराच्या तोंडी त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, एवढं त्यांना कळलं होतं.

पडद्यावर आता कुणी पुतण्या मोबाईल उंच धरून तिरडीच्या पायथ्याशी उभा राहिला. मोबाईलमध्ये परदेशातला मुलगा. टाय लावलेला. तिथूनच हात जोडत होता.

मोनालीने कपाळावर हात मारला. "बाप मेलाय आणि हा ऑफिसातून नमस्कार करतोय. कुठल्या जगात राहतात हे लेखक? असा मुलगा असतो का कुठे?"

"असला तर चपलेने मारला पाहिजे," हर्षल म्हणाला. "बोला देवव्रतराव, तुमचं मत?"

नमिताने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती बशीतली शेव एकेक करून वेचू लागली.

देवव्रतची आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा त्याच्या प्रोजेक्टचं हँडओव्हर तोंडावर आलं होतं. विमानात जागा होती. मॅनेजरही म्हणाला होता, जा बाबा. हा गेला नाही, कारण बढती त्या हँडओव्हरला टांगलेली होती. चुलतभाऊ श्रेयसने स्मशानात मोबाईल धरला आणि याने ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचा एसी चालू ठेवून, आईची चिता पेटताना पाहिली. हर्षल आणि मोनाली तेव्हा कतारला आलेले नव्हते. त्यांना त्याने सांगून ठेवलं होतं की पहिल्या विमानाने गेलो, अग्नी मीच दिला. तो हे सांगताना नमिता शेजारीच बसलेली होती.

"स्वस्त रडारड," देवव्रत म्हणाला. आवाज ठरवला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "असं कुणी करत नाही. बिनडोक मालिका. खलास."

"वडा तुझा," मोनाली म्हणाली.

तेवढ्यात कॅमेरा पायांवरून वर सरकला. कुणीतरी चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. नाकात कापूस, ओठांवर तुळशीचं पान. डाव्या भुवईत जुनी खोक.

ते बाबा होते.

देवव्रतने उचललेला वडा परत ठेवला. दुपारी बोललेला माणूस तिरडीला बांधलेला होता. हे नाटक आहे, हे डोक्याला समजत होतं. छातीला समजत नव्हतं.

"कुठून पकडून आणलाय हा?" हर्षलचं हसणं थांबत नव्हतं. "मेल्यावरही ओव्हरॲक्टिंग. ओठ बघ त्याचे, हसतोय लेकाचा."

"हर्षल, ते बाबा आहेत," नमिता म्हणाली. "आमचे."

हर्षलने टीव्हीचा आवाज बंद केला. देवव्रतने तिथेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून येईल ते एकट्याने ऐकायची त्याच्यात हिंमत नव्हती. रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. तेवढ्या वेळात त्याच्यापुरता बाप खरोखरच मेला.

"दिसलो का रे?" बाबांचा आवाज लग्नघरातल्यासारखा होता. मागे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा गलका. "चेहरा नीट आला ना?"

"बाबा, हे काय अभद्र करून ठेवलंत?"

"अरे, आपल्या मागच्याच गल्लीत शूटिंग होतं. प्रेत व्हायला म्हातारा आणला होता त्यांनी, तो तिरडी बघून पळाला. जिवंतपणी तिच्यावर आडवं होणं म्हणजे अपशकुन म्हणे. मग मी म्हटलं, मी होतो."

"पण तुम्ही कशाला? तुम्हाला काय नड होती?"

बाबा गलक्यापासून लांब गेले असावेत, कारण आता फक्त त्यांचाच आवाज येत होता. त्यात राग नव्हता. लहान मुलाची समजूत काढावी तसे ते म्हणाले,

"आईच्या वेळी श्रेयसचा हात फार थरथरत होता. तिचा चेहरासुद्धा धड दिसला नाही, असं तूच म्हणालास मला. म्हणून म्हटलं, माझा तरी तुला नीट बघायला मिळावा. आता बघून घेतलास ना बाळा? मग मी जाईन तेव्हा धावपळ करू नकोस."