पाटे की स्प्रिंगा

"पाटे," वर्लिन म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली. "नाही, थांब. स्प्रिंगा."

रॉबर्टा क्विस्टने हातातला पाना बाकावर आपटला. तिच्या गॅरेजसमोर दोन जुन्या, थोराड व्हॅन बर्फात उभ्या होत्या. कारखान्यातून निघाल्या तेव्हा दोन्ही मागच्या चाकांवरच चालायच्या. रॉबर्टाने त्यांची पुढची चाकंही इंजिनाला जोडून दिली होती. एकीच्या पुढच्या ॲक्सलला ट्रकसारखे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या होत्या. दणकट आणि स्वस्त काम, पण खड्ड्यात गेली की माणसाची हाडं खिळखिळी व्हायची. दुसरीला गोल स्प्रिंगा होत्या. ती बसायला मऊ आणि वळायला सोपी, पण खर्च दुप्पट. वर्लिन दर शुक्रवारी यायचा, दोन्हींखाली आळीपाळीने आडवा व्हायचा, आणि अंगावरची माती झटकून घरी जायचा. त्याची स्वतःची व्हॅन मात्र होती तशीच होती.

"तीन वर्षं झाली तुझं हे तळ्यात-मळ्यात," रॉबर्टा म्हणाली. "तेवढ्यात माझं एक लग्न झालं आणि मोडलंसुद्धा."

"घाई करून कसं चालेल? एल्डर क्रीकचा रस्ता आहे. बर्फात तिथे साध्या गाडीचं काम नाही."

"मार्नीच्या घरचा रस्ता आहे, असं सरळ म्हण की."

वर्लिन टायरवरचं बर्फ खरवडू लागला. मार्नी त्याची एकुलती एक मुलगी. तिची आई गेली त्या दिवशी एल्डर क्रीकवर कमरेएवढं बर्फ पडलं होतं, आणि मार्नी दवाखान्यात पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दफनानंतर चर्चच्या जेवणावळीत, सगळ्या गावासमोर, वर्लिन तिला म्हणाला होता, "यायचंच असतं तर आली असतीस. रस्त्याला नावं ठेवू नकोस." मार्नीने ताट तसंच ठेवलं आणि ती निघून गेली. तेव्हापासून नाताळला एक कार्ड यायचं, एक जायचं. बाकी सगळं व्हॅन तयार झाल्यावर, असं वर्लिनने ठरवून टाकलं होतं.

रॉबर्टाने पाट्यांच्या व्हॅनची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "ही घे आणि आत्ताच्या आत्ता वर जाऊन ये. न जाता परत आलास तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

डांबर संपलं आणि चढ सुरू झाला तिथे वर्लिन खाली उतरला. ह्या जुन्या पद्धतीत पुढची चाकं हाताने जोडावी लागत. चाकाच्या मधोमध असलेली चकती फिरवायची, मग आत बसून दांडा ओढायचा. तो गुडघ्यावर बसून थंडीने आखडलेल्या बोटांनी चकतीशी झटत होता. एवढ्यात वरून साखळ्यांचा खणखणाट आला आणि वळणावरून एक पिवळी धमक शाळेची बस डुलत डुलत खाली उतरली.

बस थांबली. लोकरीची टोपी घातलेल्या चालकबाईने खिडकी सरकवली. "काय हो काका, अडकलात का?"

"नाही. पुढची चाकं जोडतोय. वर जायचंय."

"ह्या रस्त्याला?" बाईला हसू आवरेना. "अहो, मी रोज येते-जाते. मागच्या चाकांना साखळ्या बांधल्या की झालं. पलीकडच्या घरातली आजी तर साध्या मोटारीतून बाजाराला जाते. वर काय अस्वल बसलंय का?"

"मुलगी आहे."

"मग अस्वल परवडलं," बाई म्हणाली आणि बस पुढे गेली. मागच्या काचेतून पोरांनी त्याला जिभा दाखवल्या.

वर्लिनचा चेहरा भाजल्यासारखा झाला होता. रस्त्याचं जे निमित्त पोरीच्या तोंडून ऐकवलं नव्हतं, तेच आपण तीन वर्षं उराशी धरून बसलो, हे त्याला कळून चुकलं. रस्त्याची भीती त्याला वाटतच नव्हती. पोरगी दार उघडणार नाही, ह्याची वाटत होती. त्याने चकती तशीच सोडली, आत बसला आणि मागच्या दोन चाकांवरच गाडी हळूहळू वर काढली. ती कुठेही घसरली नाही.

मार्नीच्या अंगणात तिची रोजची छोटी मोटार उभी होती. शहरातल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला टाकतात ते मीठ तिच्या चाकांवर वाळून पांढरं झालं होतं. मोटारीपलीकडे, ताडपत्रीखाली, लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली एक थोराड जुनी व्हॅन होती. पुढची चाकं काढलेली, आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन बूट.

"मार्नी," वर्लिन म्हणाला. "त्या दिवशी मी बोललो, ते चुकलं माझं. फार चुकलं, पोरी."

बूट हलले. मार्नी सरपटत बाहेर आली आणि तशीच बर्फावर बसून राहिली. कोपरापर्यंत ग्रीस, कपाळावरही ग्रीस. तिने डोळे पुसायला हात वर नेला आणि गालभर काळं फासून घेतलं.

"ही... ही व्हॅन कुणाची?" वर्लिनने विचारलं.

"माझीच. आई गेली त्याच वर्षी घेतली, तुमच्याकडे यायला."

"मग आली का नाहीस?"

मार्नीने मान खाली घातली.

"पाटे घालावेत की स्प्रिंगा, बाबा, तेच ठरेना."