कोबीवरचा रोग

उसाच्या चिपाडांवर जिवाणू वाढवून आईस्क्रीम-सॉसमध्ये घालायचा डिंक बनवणं, हे माझं पीएच.डी.चं काम. इतके दिवस पोसलेल्या जिवाणूंनी ऐन शेवटाला डिंक सोडायचं बंद केलं आणि मला नवे हवे झाले. ते सापडतात कोबीच्या पानांच्या शिरा काळ्या पाडणाऱ्या घाण्या रोगात. म्हणून कोल्हापुरातनं मिळेल ती एसटी धरून मी गाव गाठलं आणि थेट आमच्या कोबीत शिरले.

एकेक पान उलटून बघत सुटले. मागनं आप्पा छाती फुगवून चालत होते.

"बघ की! एक डाग न्हाय. त्या शेजारच्या बाळगोंडाला बांधावर उभा करून झाडला. म्हटलं, तू फवारत न्हाईस आन् तुझा रोग माझ्यात येतोय. तवापास्नं बोलणं बंद हाय आमचं."

मला रडूच फुटलं. का ते सांगितल्यावर आप्पांनी टोपी नीट केली, ते बांधावर गेले आणि शेजारच्या रानाकडं बघून मोठ्यानं हाक मारली.



"बाळगोंडा, तुझ्यातला रोग जरा मिळंल काय रं? पोरीला पायजे."