ह्यांच्या नावानं

सूर्याजवळून जाताना प्रकाशसुद्धा वाकतो, असं कॉलेजच्या पहिल्या वर्षी सरांनी सांगितलं होतं. तो का वाकतो हे कळायच्या आत माझं लग्न झालं आणि मी आष्टीला आले.

बाळ मांडीवर निजलं की तेवढंच डोक्यात फिरायचं. प्रकाशाचं हे वाकणं ज्यात येतं त्या व्यापक सापेक्षतेवरचं, नवशिक्याला कळेल असं पुस्तक आहे का, म्हणून औरंगाबादच्या एका पुस्तकवाल्याला माझ्या नावानं कार्ड टाकलं. उलट टपाली विणकामाच्या पुस्तकांची यादी आली.

मग एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं आणि खाली सरळ ह्यांची सही ठोकली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. लिहायला कोण अडवतंय?

महिन्याभरानं ह्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर पार्सल आलं. हे ते फोडून, आतलं पुस्तक आणि पत्र घेऊन तसेच घरी पळत आले.

"अगं, कुण्या प्राध्यापकानं मला हुशार म्हणलंय! शाळेत कधी गुरुजी म्हणले न्हाईत. काय उद्योग करायलीस माझ्या नावानं?"

"आधी पुढचं वाचा बरं."

"'साहेबराव, आपले प्रश्न थेट मुळाला हात घालतात. माझ्याजवळची एकुलती प्रत पाठवत आहे. सुरुवातीला याहून चांगलं पुस्तक नाही.'"

मी बाळाला ह्यांच्या कडेवर दिलं आणि पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. हे पत्राची शेवटची ओळ वाचत होते.

 

"'एकच विनंती, पुस्तक घरातल्या बायकापोरांच्या हाती लागू देऊ नये.'"