राणीसरकार परत येतात

"भुवयांना हात लावू नकोस. त्या माझ्या मीच काढते," ती म्हणाली. मेकअपवालीने मुकाट्याने पेन्सिल तिच्या हातात दिली.

नऊ वर्षांनी ती या आरशासमोर बसली होती. भुताटकीच्या मालिकेतली दुष्ट राणीसरकार म्हणजे ती. एका शुक्रवारच्या भागात तिला महालासकट जाळून टाकलं, आणि सोमवारी तिला सेटच्या फाटकातून परत पाठवलं. त्यानंतर ती दातांच्या दवाखान्यात टेबलामागे बसून पेशंटचे नंबर लावत होती. "तुम्ही त्या राणीसरकारच ना?" लोक सुजलेला गाल धरून विचारायचे.

गेल्या आठवड्यात लेखकाचा फोन आला. "ताई, राणीसरकारांचा आत्मा परत येतोय. तुमच्याशिवाय मालिका तरत नाही."

तिने त्याच दुपारी दवाखान्याचा राजीनामा दिला. नवरा म्हणाला, "आधी नीट चौकशी तरी कर."

"चौकशी कसली? नाक घासत आलेत ते."

दार वाजलं आणि सूनबाई आत आली. ही मालिकेची नायिका. सेटवर सगळे तिला याच नावाने हाक मारत. लोकांना नायिकेपेक्षा राणीसरकार जास्त आवडायला लागली, तेव्हा निर्मात्याकडे हट्ट धरून हिनेच तिचा काटा काढला होता.

"ताई, चुकलं माझं. तेव्हा डोक्यात हवा गेली होती."

ती आरशात बघत भुवई रेखत राहिली.

"एक विचारू? तुमचं ते हसणं मला कधी जमलंच नाही. कसं हसता?"

नऊ वर्षं साठवलेल्या शिव्या तिच्या ओठांवर आल्या होत्या. पण समोरची मान खाली होती, आवाज कापत होता. ती विरघळली.

"घशातून नाही, पोटातून. आधी श्वास सोडून द्यायचा. डोळे दगडासारखे ठेवायचे."

सूनबाईने तासभर गिरवलं. हसणं, मान वळवणं, शब्द चावून बोलणं. चुकलं की राणीसरकार खेकसायची, जमलं की पाठीवर थाप द्यायची. कितीतरी दिवसांनी तिला कुणीतरी काहीतरी विचारत होतं.

शॉट पहिल्याच टेकला ओके झाला. प्लायवूडच्या महालात धूर सोडला, राखेतून ती उठली आणि सूनबाईच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "माझं घर मला परत हवंय." लाइटवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. तिने पदर डोळ्यांना लावला.

लेखक धावत आला. "ताई, अंगावर काटा आला बघा!"

"उद्या किती वाजता येऊ?"

"उद्या?" तो घुटमळला. मागे वळून त्याने सूनबाईकडे पाहिलं. ती मेकअपवालीशी काहीतरी बोलण्यात गुंतली होती. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? उद्यापासून राणीसरकारांचा आत्मा सूनबाईच्या अंगात शिरतो. दोन्ही कामं तीच करणार आहे."