संघप्रियाचं वजन

येरमाळ्याजवळ शंभुलिंगच्या धर्मकाट्यावर सायकल चढली, तेव्हा तिच्यामागं उसाचे सात ट्रॅक्टर उभे होते.

या काट्यानं आजवर काय तोललं नाही? कारखान्याचा बॉयलर तोललाय. वरातीचा घोडा नवरदेवासकट तोललाय. एकदा डोंगरावरून घरंगळत आलेला ढग घटकाभर त्याच्यावर टेकला, तर भरला दोन टन चाळीस किलो. पावती अजून शंभुलिंगच्या कपाटात आहे. बघायला मागितली की तो चहा मागवतो. पण सायकल चढायची ही पहिलीच खेप.

सायकलवर जिल्हा परिषद शाळेतले प्रेमानंद सर. पुढच्या दांडीवर वेल्डिंग करून बसवलेली खुर्ची, खुर्चीत त्यांची सहा वर्षांची संघप्रिया, मागं दोन्ही अंगाला फुगलेल्या पिशव्या. दिवाळीच्या सुट्टीत बापलेक सायकलवरून अजिंठ्याला निघणार होते. तीनशे किलोमीटर, सहा दिवस. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. सायकलवाल्या व्यंकटनं मात्र बजावलं होतं, सव्वाशे किलोच्या वर गेलात तर घाटात चाकाच्या तारा तुटतील. म्हणून आईनं अट घातली, "समदं मिळून सव्वाशेच्या आत बसलं तर जावा. न्हायतर पोरगी घरी, तुमी एकटे जावा." आणि खरं वजन म्हणजे धर्मकाटा, हे उसाच्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही.

"हलू नका सर!" शंभुलिंग खोलीतून ओरडला. खिडकीवर लाल आकडा उमटला. १२०.

"जमलं संघे! वर पाच किलो शिल्लक!" सर सायकलवरच नाचायला लागले.

"मला बगायचाय आकडा." संघप्रिया खुर्चीतून उतरली, काट्यावरून खाली उडी मारून खिडकीपाशी गेली आणि मान वर करून बघत राहिली. १२०.

"पप्पा, मी तर खाली हाय."

"बरं मग?"

"मंग अजून एकशेवीसच कसं?"

शंभुलिंगनं खिडकीतून डोकं काढलं. "बाळा, आपला काटा वीस-वीस किलोनं उडतो. मधलं तो धरत न्हाय."

"मी सतरा हाय. शाळेत डॉक्टरांनी मोजलंय."

"सतरा व्हय? मग बसलीस की मधीच!" शंभुलिंगला स्वतःचाच खुलासा आवडला.

सर सायकल धरून तिच्या कानाशी वाकले. "गप बस. तू शून्य भरलीस म्हणून तर चाललीस. पावती आईला दाखवू, झालं."

संघप्रियाचे कान लाल झाले. "मी शून्य न्हाय."

उशीर कशाचा म्हणून पहिल्या ट्रॅक्टरवरून धोंडीबा उतरून आला होता. त्यानं सतरा आणि शून्य एवढंच ऐकलं आणि त्याच्या मिशा उभ्या राहिल्या.

"काय म्हनला शंभुलिंग? सतरा किलोची पोरगी दिसंना काट्याला? चपला-रिबिनीसकट गिळली व्हय?"

"तसं न्हाय मामा, मशीनच तसली..."

"आरं ऐका रे!" धोंडीबा मागं वळून गरजला. "दर खेपेला सतरा किलो ऊस, म्हंजी आपली एकेक पोरगी, ह्या काट्यात ऱ्हायलीय!"

बातमी मागं सरकत गेली. सातव्या ट्रॅक्टरपाशी पोचली तोवर काट्यानं पहिलीचा अख्खा वर्ग गिळला होता, बाईंसकट. सातही ड्रायव्हर आणि त्यांच्यामागं ऊसवाले खिडकीवर धडकले.

"कधी जादाबी दावतो की तो!" शंभुलिंग घामाघूम. "तुमच्या बाजूनंबी पडतंय कधी!"

"कधी? तारीख सांग!"

या दंग्यात संघप्रिया पुन्हा काट्यावर चढली. मधोमध, लोखंडावर, मांडी घालून बसली.

"सतरा लिवा."

"मशीन लिवत न्हाय बाळा."

"मग तुमी लिवा. खिशाला पेन हाय की."

सर तिच्यापुढं उकिडवे बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "नीट ऐक. एकशेवीसात सतरा मिळवले तर एकशेसदतीस हुतात. मग आई सोडत न्हाय. अजिंठा गेला तुझा. कळतंय का?"

तिला कळलं. तिनं खुर्चीकडं बघितलं. खुर्चीला तिनंच निळा रंग दिला होता, हँडलला घंटी तिनंच निवडली होती. मग नाक पुसलं.

"मंग ऱ्हाते घरी. पन सतरा लिवा."

शंभुलिंगनं पेन काढलं, पावतीवर १२० च्या खाली लिहिलं, 'संघप्रिया, सतरा किलो', आणि बाहेर येऊन पावती तिच्या हातात दिली. तिनं अक्षर अन् अक्षर बोटानं वाचलं. फ्रॉकच्या खिशात घातली. उठायचं मात्र नाव नाही.

सरांनी लेकीकडं बघितलं, आकड्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं मागची पिशवी सोडली. शेगडी काढून खाली ठेवली. मग भांडी. मग जाड पुस्तकं चार. मग इस्त्री.

"अजिंठ्याला इस्त्री, सर?" धोंडीबानं विचारलं.

"लोक बघतात," सर पुटपुटले.

मागं सातव्या ट्रॅक्टरनं हॉर्न दाबला. धोंडीबा वळला. "ए, वाजवू नगं! सर वझं काढायलेत!"

सरांनी दुसऱ्या पिशवीतून स्वतःचे बूट काढले, इस्त्रीशेजारी ठेवले आणि लेकीकडं बघितलं.

"अजून," संघप्रिया म्हणाली.