शेवटची गाठ

मुद्दाम गुंडाळून आणलेला बॅनर मी शिडीवर चढून उलगडला. खाली शिडी धरलेल्या माझ्या दादानं मान वर करून पाहिलं. बॅनरवर आमच्या पक्षाच्या साहेबांशेजारी हसत होता तो नेता, ज्याच्या माणसांनी गेल्या निवडणुकीत दादाचा हात मोडलेला. “युती झालीय, दादा. सरकार पाडायचं तर गाढवाचेही पाय धरायचे.” “आणि माझा हात?” “म्हणून तर तू नुसती शिडी धर, गाठी मी मारतो!” माझ्या फालतू विनोदांना जन्मभर हसलेला दादा हसला नाही. “उतर. तुझे पाय जमिनीला लागले की शिडी सोडतो, पक्षही सोडतो, तुझं तोंड बघणार नाही.” वरचा उतरेपर्यंत खालच्यानं शिडी सोडायची नाही, हा आमचा नियम. शेवटची गाठ केव्हाच बसली होती. “झालं का रे?” “थांब, सैल वाटतेय,” म्हणालो आणि घट्ट गाठ पुन्हा सोडली.